भाकरीचे फुटके काठ

आजही भाकर थापताना काठाला फुटली, की मला बरं वाटतं. सुना हसतात. "आई, आता त्या भाकरीले कुंकू लावा," म्हणतात. हसू द्या. त्यांनी ते दिवस पाहिलेले नाहीत.

परवा शेजारची एक तरुण बाई तिच्या लेकीचे दवाखान्याचे कागद घेऊन आली. डॉक्टरनं गहू जन्मभर बंद केला म्हणून डोळ्यांना पदर लावून बसली होती. मी म्हटलं, "बाप्पा, एवढंच ना? मले पाह्य. गव्हाचा कण न खाता साठ वर्षं काढली, अन् अजून जिना चढतो." तिला खरं वाटेना. मग म्हणाली, आजी, लिहून तरी ठेवा. मी सातवी शिकलेली बाई. जमेल तसं लिहिते आहे.

गव्हाचं घर

माझं माहेर फुलसावंगीचं. शेतकरी घर. रोजची ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, सकाळी कण्या. गव्हाची लहानशी थैली उतरंडीमागे असायची. ती जावई आला की बाहेर निघायची, नाहीतर पोळ्याला. लहानपणी पुरणपोळी खाल्ली की दुसऱ्या दिवशी माझं पोट बिघडायचंच. माय म्हणायची, "सवय नाही आपल्याले." तिथंच विषय संपायचा.

अठ्ठावन्न-एकोणसाठ सालाच्या सुमारास माझं लग्न झालं आणि मी दिग्रसला आले. हे कापसाच्या जिनात वजनकाट्यावर कामाला होते. घरात आम्ही दोघं, मामाजी म्हणजे माझे सासरे, आणि आत्याबाई म्हणजे सासूबाई. आत्याबाई अंगानं थोराड, आवाज असा की परसातून हाक मारली तर रस्त्यावरचा माणूस थांबावा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या ताटात तव्यावरची पोळी टाकली आणि वर तुपाची धार सोडली.

"माह्या सुनेले भाकर नाही चारणार," त्या म्हणाल्या. "म्या लगन होऊन आली तं पाच वर्षं गहू फक्त पाहुण्याच्या ताटात पाह्यला. खाय. अजून एक घे."

त्यांनी तरुणपणी बारा माणसांचं दळण जात्यावर दळलं होतं. तळहात चपलेच्या तळासारखे झाले होते. दिग्रसात विजेची चक्की आली, तेव्हा त्यांनी जातं गोठ्यात नेऊन उलटं टाकलं आणि शपथ घेतली की मेली तरी याले पुन्हा हात लावणार नाही. हे त्या आल्यागेल्याला सांगायच्या. चक्की आणि रोजचा गहू, या दोन गोष्टींवर त्यांचा भारी जीव. सून आली तर तिला या दोन्हींचं सुख द्यायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. सासू छळते असं ऐकून मी आले होते, आणि इथं ही बाई माझ्यासमोर बसून माझ्या पोळ्या मोजायची, कमी पडल्या तर रागवायची.

चार महिन्यांत मी लोटा घेऊन धावायला लागले.

ज्याच्या हातात डबलरोटी

याची लाज वाटते, पण लिहिते, कारण ज्याला होतं तोच जाणतो. नवी सून, डोक्यावर पदर, आणि दिवसाउजेडी सहा-सहा वेळा परसाकडे पळायचं. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. तोंड आलेलं, पाय सुजलेले, केस मुठीनं हातात यायचे. तिसऱ्या महिन्यात पोटातलं एक लेकरू गेलं. त्यावर मी अजूनही जास्त बोलत नाही.

वैद्य झाला, नजर काढून झाली, लिंबं उतरून झाली. आणि मी जितकी वाळत गेले तितका आत्याबाईंनी गहू वाढवला. पोळी पचत नाही तर दुधात कुस्करून. ती नको तर शेवया. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजला की पहिली वाटी माझी, साखर घालून. "चीक म्हणजे गव्हाचं सत्त्व. मेलेलं माणूस उठून बसते," म्हणायच्या.

आणि डबलरोटी! त्या काळी दिग्रसात धडधाकट माणूस पाव खात नसे. पाव आजाऱ्याचा. बाजारातून कोणी कागदात गुंडाळलेली डबलरोटी घेऊन चाललं, की लोक थांबवून विचारायचे, "घरी कोण बिमार हाये?" मला पाहायला येणारी प्रत्येक बाई एक डबलरोटी घेऊन यायची. खोटं कशाला सांगू, मला ती फार आवडायची. दुपारी भट्टीचा खरपूस वास आमच्या आळीपर्यंत यायचा. चहात बुडवलेला मऊ तुकडा टाळूला लागला, की घटकाभर मी आजारी आहे हेच विसरायची. अजून कुठं तो वास आला की मी उभी राहते. खात नाही, पण वास घ्यायला काय जातं?

माहेरी गेले की तीन आठवड्यांत मी सुधारायची. माय भाकर-वरण घालायची, दुसरं होतंच काय तिच्याकडे! गालावर रंग यायचा. दिग्रसला परतले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एकदा झालं, दोनदा झालं. आळीतल्या बायका कुजबुजायला लागल्या. मामाजी तोंडावर काही बोलत नव्हते, पण मी समोरून गेले की पान चघळणं थांबवून बघत राहायचे.

चोरी पकडली गेली

शेवटी यांनी मला यष्टीनं यवतमाळला नेलं आणि एका दवाखान्यात ठेवलं. मोठी खोली, दोन्हीकडे लोखंडी खाटा. सकाळी सातला गाडा यायचा, प्रत्येकीला एक मग दूध आणि डबलरोटीचे चार तुकडे. मग डॉक्टरीणबाईंची फेरी. त्या किती वेळा परसाकडे गेलीस ते विचारून खाटेच्या कागदावर लिहायच्या. त्या प्रश्नानं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेजारच्या खाटेवर आर्णीकडच्या तांड्यावरची एक बंजारा म्हातारी होती, पाय मोडलेली. तिला सगळे याडी म्हणायचे, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तिचा लेक रोज ज्वारीची भाकर आणि लाल चटणी फडक्यात बांधून आणायचा. याडीला भाकरीचा कंटाळा आलेला आणि माझ्या डबलरोटीवर डोळा. मला भाकरीचा वास आला की माय आठवायची, रडू यायचं. मग आम्ही चोरून अदलाबदल सुरू केली. दूध मी प्यायची, पाव तिच्या उशीखाली. दुपारची पोळीही ती दूध मिळालेल्या मांजरीसारखी मिटक्या मारत खायची.

सातव्या-आठव्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद पाहत थांबल्या.

"तुला कोणतं औषध लागू पडलं गं? मी तर बदललं नाही," त्या म्हणाल्या. "काय खाते आहेस?"

मला वाटलं, चोरी सापडली, आता दवाखान्यातून काढतात. मी याडीकडे पाहिलं. तिनं कपाळापर्यंत ओढणी ओढून घेतली, लबाड! मी हात जोडून सगळं सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या माझ्या खाटेवरच बसल्या. घरी काय खातेस, माहेरी काय खातेस, एकेक विचारत गेल्या. मग म्हणाल्या, "परदेशात लढाईच्या दिवसांत पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशीच काही आजारी लेकरं सुधारली होती. तुझ्या पोटाचं आणि गव्हाचं वैर आहे, बाई. गहू बंद. कायमचा."

मी हसले. खरंच हसले. इतक्या वर्षांत कोणी माझ्या दुखण्याला नाव-गाव दिलं नव्हतं, आणि ते निघालं गव्हाचं! आजाराचं शास्त्रातलं नाव फार पुढं कळलं.

आत्याबाई दाराबाहेरच होत्या, आत एकालाच सोडायचे, म्हणून माझ्याजवळ हे होते. हे बाहेर गेले आणि त्यांना म्हणाले, "डॉक्टरीण म्हणते पोळी बंद, डबलरोटी बंद." एवढंच म्हणाले. पुरुषाचा निरोप तो, दोन शब्दांत आटपला. पुढचे सहा महिने त्या दोन शब्दांनी खाल्ले.

मनातलं दुखणं

घरी आल्यावर आत्याबाईंनी माझा स्वयंपाक स्वतःकडे घेतला. "तू पड. भाकर मी करतो." आणि काय भाकर व्हायची! पातळ, मऊ, टम्म फुगलेली, काठाला एक चीर नाही. शेजारणी बघायला यायच्या.

महिनाभर बरं वाटल्यासारखं झालं, मग पोट पुन्हा सुरू. पहिल्याइतकं नाही, पण होतंच. अंग धरेना. आता मात्र मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

एके दिवशी जेवताना मामाजी बोललेच. "पोळी बंद केली, डबलरोटी बंद केली. आता कायचं दुखते? फुलसावंगीतही भाकर अन् इथंही भाकर. तिथं बरी राह्यते, इथं बिमार पडते. म्हणजे दुखणं पोटात नाही, मनात हाये. हिले इथं नांदाचं नाही."

"असं काहून बोलता?" आत्याबाई म्हणाल्या. "म्या आणली हाये तिले."

"तू आणली, मी पोचवतो. पोळा झाला का हिच्या मायले बोलवा अन् पाठवून द्या. कायमची."

यांच्यासाठी घाटंजीकडची एक मुलगी पाहून ठेवली आहे, हेही मला परसात ऐकू आलं. यांनी मामाजींपुढं तोंड उघडलं नाही. नंतर माझ्याजवळ बसून हळूच विचारलं, "विमल, खरं सांगजो. तुले इथं करमत नाही का?" मला इतका संताप आला, की मी त्यांच्या हातातला पाण्याचा गडू हिसकून घेतला. पण एकटी पडल्यावर मीच घाबरले. खरंच माझ्या मनाचे खेळ असतील तर? दुखणं खोटं नाही हे ज्याचं त्यालाच माहीत असतं, आणि सगळे नाही म्हणाले की त्यालाही ठाम वाटत नाही. आजाऱ्याच्या घरच्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

पोळ्याच्या आधी

पोळ्याला चार दिवस असताना माय आली, मला न्यायला. तिला सगळं कळवलेलं होतं. लेकीच्या घरी जेवायचं नाही म्हणून आपली भाकर बांधून आणलेली. दुपारी आत्याबाई बैलांच्या झुली आणि बेगड आणायला बाजारात गेल्या. माय म्हणाली, "चाल, तुले दोन भाकरी टाकून देतो. मग बोचकं बांधू."

तिनं डब्यातलं पीठ परातीत घेतलं, मळलं, थापायला लागली. मी भिंतीला टेकून बघत होते. तिचा हात थांबला. तिनं भाकर उचलून उजेडात धरली, काठावरून बोट फिरवलं. पुन्हा मोडली, पुन्हा थापली.

"विमल, ही फुटत काहून नाही वं?"

"आत्याबाई करतात तेव्हाही नाही फुटत."

मायनं पिठाचा गोळा दोन्ही हातांत धरून ओढला. तो तुटला नाही, लांबला. तिनं तो माझ्यापुढं केला. "चाळीस वर्षं भाकरी थापून राह्यली मी. ज्वारी अशी तार नाही धरत."

तेवढ्यात आत्याबाई दारात आल्या, हातात बेगडाच्या पुड्या. माय उठली. "विहीणबाई, रागावू नका. या पिठात काय टाकता तुम्ही?"

आत्याबाईंनी लपवलं नाही. उलट मान ताठ करून म्हणाल्या, "दोन मुठी कणीक टाकतो. कोरड्या ज्वारीनं का ताकद येते पोरीले? अशक्त माणसाले मऊ भाकर पाह्यजे. डॉक्टरीणनं पोळी बंद केली. कणीक कुठं बंद केली?"

माय फक्त एवढंच म्हणाली, हळू आवाजात, "पोळी कायची असते, विहीणबाई?"

मी आत्याबाईंचा चेहरा पाहत होते. तो आधी नुसताच गोंधळला, मग एकदम उतरला. पुड्या खाली पडल्या. त्या उंबऱ्यावरच बसल्या, परातीतलं पीठ मुठीत घेतलं आणि त्या मुठीकडे बघत राहिल्या.

"म्याच?" त्या म्हणाल्या. "रोज सकाळ-संध्याकाळ, म्याच मारून राह्यली होती का माह्या पोरीले?" आणि त्याच मुठीनं कपाळ बडवून घ्यायला लागल्या. मायनं हात धरला. दोघीही रडायला लागल्या, आणि मी त्यांच्या मध्ये बसून दोघींचे पदर धरून.

मामाजी संध्याकाळी घरात पाऊल टाकतात न टाकतात तोच आत्याबाई अंगणात उभ्या राहिल्या. कपाळावर पीठ तसंच होतं. आवाज तर तुम्हाला सांगितलाच आहे, सगळ्या आळीनं ऐकलं.

"दुखणं हिच्या मनात नव्हतं, माह्या मुठीत होतं! पाठवाचंच असन तं मले पाठवा माहेरी. घाटंजीले निरोप द्या, आमची सून घरी हाये म्हणा."

मामाजी पायातला जोडा काढायचा विसरून उभे होते. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

जातं

पोळा झाल्यावर आत्याबाई स्वतः यवतमाळला गेल्या. यांना बाहेर बसवलं, म्हणाल्या, तुहा निरोप पाह्यला एकदा. डॉक्टरीणबाईंना एकेक विचारलं. रवा? नाही. शेवया? नाही. चीक? नाही. शेवटी विचारलं, चक्कीत आधी कोणाचा गहू दळला असेल अन् मग आपली ज्वारी टाकली तर? बाई म्हणाल्या, तेही नको.

परतल्यावर त्यांनी कोणाशी न बोलता गोठ्यातलं उलटं पडलेलं जातं बाहेर काढलं. पाथरवटीण बोलावून त्याला टाकी लावून गुळगुळीत झालेले दगड खरखरीत करून घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी घरघर ऐकून जागी झाले. मेली तरी हात लावणार नाही म्हणणारी बाई पाय पसरून दळत बसली होती.

त्यांना ओव्या येत नव्हत्या. त्या शिव्या द्यायच्या, आणि सगळ्या गव्हाला. "मेल्या, पाहुण्याच्या ताटात मिरवतं अन् माह्या सुनेच्या पोटात काटे पेरतं! तुहं तोंड काळं होवो!" घरघर, आणि मग पुढची शिवी. मी गोधडीत तोंड खुपसून हसायची. मी दळायला बसले तर हात झटकायच्या, "तू आधी आंग धर."

मी अंग धरलं. बांगड्या मनगटावर आल्या. दुसऱ्या वर्षी लेक झाली. आत्याबाईंच्या तळहातांवर पुन्हा घट्टे आले.

गहू त्यांनी घरातूनच काढला. मामाजी कुरकुरले, त्यांना म्हणाल्या, पाहुणे म्हणून जा कुठं अन् खा. सणाला पुरण वाटीत, वर तूप, सोबत भाकर. मी म्हणायची, तुम्ही तरी खात जा, शेजारी खा. तर तोंड वाकडं करायच्या. "मले नाही आवडत तो. दातात बसते मेला." पुढं दुष्काळाच्या साली रेशनवर परदेशातला लाल गहू आला. लोक रांगा लावायचे. आत्याबाई आमच्या वाट्याचा गहू दारातल्या दारात शेजारणींना द्यायच्या आणि त्यांच्याकडून मिळेल तेवढी ज्वारी घ्यायच्या.

परात

आठ वर्षं अशी गेली. मग आत्याबाईच अंथरुणाला खिळल्या. छाती भरायची, दात पडलेले. भाकर कितीही कुस्करली तरी घशात अडकायची. पाहायला येणाऱ्या बायका रीतीप्रमाणे डबलरोटी आणायच्या. त्या बोटानं दाराकडे दाखवायच्या, "बाहेर ठेवा. घरात विमल हाये."

एके दुपारी त्यांनी काहीच गिळलं नाही. मी शेजारणीकडे गेले, वाटीभर कणीक मागितली, परात आणि तवाही तिचाच आणला. परसात तीन दगडांची चूल मांडली आणि आठ वर्षांनी पहिल्यांदा गव्हाला हात लावला. कणीक बोटांना चिकटत होती. पोळी केली, दुधात कुस्करली आणि वाटी घेऊन त्यांच्याजवळ बसले.

त्यांनी वाटीत पाहिलं, मग माझ्या हाताकडे. डोळे मोठे झाले.

"काहून हात लावला तू? धुऊन ये आधी."

धुऊन आले. "पुन्हा धुय. राखेनं." पुन्हा धुतले. मग माझे हात उशाशी ओढून एकेक नख पाहिलं. नखात काही नाही अशी खात्री झाल्यावरच तोंड उघडलं.

पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात धरला. डोळे मिटले. दुसरा घेतला, तिसरा घेतला. वाटी रिकामी झाली तशी बोटानं कडा पुसून ते बोटही चाटलं. मग माझ्याकडे पाहून, चोरी पकडली गेल्यासारखं हसल्या.

"गहू लय गोड असते वं, विमल."

मी वाटी उचलली, परसात जाऊन शेजारणीची परात पुढ्यात घेतली, आणि रडत रडत राखेनं घासत बसले.